दाताचं काम झालं, पण आत काही राहिलंय का?

दाढ काढून दोन-तीन आठवडे झालेले असतात, जखम भरत आलेली असते आणि एका सकाळी जिभेला त्या जागी काहीतरी टणक लागतं. आरशासमोर तोंड वासून, मोबाईलची बॅटरी लावून बघितलं तर हिरडीतून एक पांढरट टोक डोकावत असतं. मग पहिला विचार ठरलेला, की दाढेचा तुकडा आतच राहिला. नाशिकमध्ये दातांचा दवाखाना चालवताना ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच चेहऱ्यावरून ओळखू येते. वर थोडा राग असतो, त्याच्याखाली बरीचशी भीती.

बहुतेक वेळा ते टोक पेशंटच्या स्वतःच्याच हाडाचं निघतं. दाढेभोवती हाडाची पातळ भिंत असते. दाढ हलवून सैल करताना तिची कड कुठे चिरते, कुठे एखादी कपची सुटी होते. त्या कपचीचा रक्तपुरवठा तुटला की ती मरते, आणि शरीर तिला हळूहळू हिरडीतून वर ढकलतं. खालच्या अक्कलदाढेची जिभेकडची भिंत तर फारच पातळ असते, त्यामुळे तिथे हे जास्त होतं. लहान कपची जेवताना आपोआप पडून जाते. मोठी असेल तर बधिर करणारं जेल लावून चिमट्याने काढता येते, दोन मिनिटांचं काम. घरी नखाने किंवा सेफ्टीपिनने उकरायचं मात्र नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. हाडं ठिसूळ झाली म्हणून अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब घेणारे, कॅन्सर हाडात पसरू नये म्हणून हीच औषधं घेणारे, आणि तोंडाच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरसाठी किरणोपचार म्हणजे शेक घेतलेले, यांच्यात उघडं पडलेलं हाड ही साधी कपची नसते. किरणोपचार झालेले नसताना या औषधांवर असलेल्या माणसाचं हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं, तर तो जबड्याच्या हाडाचा वेगळा आजार धरला जातो. शेक घेतलेल्यांनी तर आठ आठवड्यांची वाट बघूच नये. दाढ काढायच्या आधी डॉक्टर "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारतात तेव्हा बीपी-शुगर सांगून लोक थांबतात. वर्षातून एकदा घेतलेलं हाडांचं इंजेक्शन कुणाला औषध वाटतच नाही. ते सांगायला हवं.

पण दरवेळी "हाडच आहे, पडेल" म्हणून न बघता घरी पाठवणं हा आमच्या धंद्यातला आळस आहे. कारण कधी कधी खरोखरच काही राहिलेलं असतं. दाढेच्या मुळाचं टोक, चांदीचा कण, कॅपखालचं सिमेंट, टाक्याचा धागा, क्वचित सुईसुद्धा.

शेतात बाभळीचा काटा तळपायात मोडला तर एकतर ती जागा पिकते आणि पुवाबरोबर काटा बाहेर येतो, नाहीतर त्याच्याभोवती गाठ धरते आणि माणूस ती घेऊन वर्षानुवर्षं चालतो. हिरडीतही हेच होतं. परकी वस्तू आली की आधी पांढऱ्या पेशी जमतात. मग मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात. वस्तू त्यांना गिळता येण्यासारखी नसली तर कित्येक पेशी एकत्र होऊन मोठाल्या पेशी बनतात, आणि शेवटी त्या वस्तूभोवती तंतूंचं घट्ट आवरण तयार होतं.

यातलं काय होणार हे तीन गोष्टींवर ठरतं. वस्तू कशाची आहे, कुठे आहे, आणि तोंडातल्या जंतूंना तिच्यापर्यंत वाट आहे का. शरीरात परकी वस्तू असणं मुळात वाईट नसतं. जबडा मोडल्यावर बसवलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या लोक जन्मभर वागवतात, आणि इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताचा, सगळा खेळच हाड टायटॅनियमला आपलं मानतं यावर उभा आहे. उलट कापसाचा एवढासा बोळा, जंतूंनी भिजलेला, आठवड्याभरात तोंड सुजवू शकतो. म्हणून "राहिलं" हा शब्द ऐकून घाबरायच्या आधी "काय राहिलं आणि कुठे?" हे विचारा.

हिरडीवरचा निळा डाग

सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट आधी घेतो. पूर्वी दाढेत चांदी भरायचे. ती नुसती चांदी नसते. वजनाने जवळपास अर्धा पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबं असं ते मिश्रण असतं. ही जुनी चांदी ड्रिलने काढताना, किंवा चांदी भरलेली दाढ उपटताना बारीक कण हिरडीच्या ओरखड्यात किंवा दाढेच्या खड्ड्यात जातात. वर कातडी भरून येते, कण खाली राहतात. त्यातली चांदी हिरडीच्या तंतूंना रंगवते आणि काही काळाने तिथे राखाडी-निळसर, न दुखणारा, सपाट डाग दिसतो. गोंदणासारखाच दिसतो, म्हणून दंतवैद्यकातही त्याला अमाल्गम टॅटू म्हणतात. बाहेरून आलेल्या पदार्थामुळे तोंडात पडणाऱ्या डागांमध्ये हा सर्वांत नेहमीचा.

तो तसाच ठेवला तरी चालतो. प्रश्न फक्त एवढाच असतो की डाग खरंच चांदीचा आहे का. एक्स-रेमध्ये पांढरे ठिपके दिसले तर शंका मिटते. पण कण फार बारीक असले तर एक्स-रेत काहीच दिसत नाही. मग डाग पसरतोय का, उंचावलाय का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, शेजारी चांदी भरलेली किंवा काढलेली दाढ आहे का, हे बघायचं. शंका राहिलीच तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तोंडातला मेलॅनोमा हा कॅन्सर दुर्मीळ आहे, पण तो टाळूवर आणि वरच्या हिरडीवर जास्त होतो. त्यामुळे तिथल्या नव्या काळ्या डागाला "चांदी असेल" म्हणून सोडून देऊ नये.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. आपल्या हिरड्या मुळातच पुष्कळदा सावळ्या असतात. तो रंग दोन्ही बाजूंना सारखा असतो, लहानपणापासून असतो, आणि तो आजार नाही. दुसरी गोष्ट मशेरीची. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या मावशी तोंड उघडतात तेव्हा हिरडीचा काळपटपणा कशाचा हे विचारायला मी घाई करत नाही. आधी तंबाखूबद्दल विचारतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि जिथे ती रोज घासली जाते तिथला पांढरा किंवा लाल चट्टा मला चांदीच्या निळ्या डागापेक्षा कितीतरी जास्त काळजीचा वाटतो.

चांदी भरणं आता कमी होत चाललंय, त्याचं कारण मात्र हा डाग नाही. पाऱ्याचं प्रदूषण थांबवण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, २०१७ साली तो लागू झाला. त्यात दंतवैद्यकातला पारा कमी करत नेण्याचं कलम आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंदच केलं. तुमच्या दाढेत जुनी चांदी नीट बसलेली असेल तर उगाच काढून घेऊ नका. काढतानाच कण उडतात.

रूट कॅनालमध्ये मोडलेली फाइल

रूट कॅनाल म्हणजे दाताच्या मुळातली सडलेली नस काढून ती पोकळी साफ करणं आणि बंद करणं. साफ करायला फाइल वापरतात, केसाएवढ्या टोकाची बारीक कानस. १९८८ पासून या कामात निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फाइली येऊ लागल्या. त्या वाकड्या मुळातही सहज वळतात, पण कधी कधी काहीच इशारा न देता तुटतात. स्टीलच्या फाइलचे पीळ उलगडलेले तरी दिसतात, हिचं तसं नाही. डॉक्टर निष्काळजी नसतानाही हे घडू शकतं. एकच फाइल फार वेळा वापरली तर शक्यता वाढते, हेही तितकंच खरं.

तुटलेला तुकडा दाताच्या आत असतो, मांसात नसतो. त्यामुळे धातू आत राहिला हा मोठा प्रश्न नाही. तुकड्याच्या खालचा भाग साफ होण्याआधी फाइल तुटली की नंतर, यावर सगळं ठरतं. काम संपत आलेलं असताना तुटली तर तो तुकडा भरावाचाच भाग होऊन जातो आणि दात वर्षानुवर्षं टिकतो. सुरुवातीलाच तुटली आणि खाली पू असेल, तर सूक्ष्मदर्शक लावून तो काढायचा, किंवा बाजूने वाट काढायची, किंवा मुळाचं टोक शस्त्रक्रियेने कापायचं. तुकडा काढायच्या हट्टापायी मूळ पोखरून दात कमकुवत करणं हे कित्येकदा तुकड्यापेक्षा महागात पडतं.

खरी घाई करायची जागा वेगळीच आहे. पोकळी बंद करायला गट्टापर्चा नावाची रबरासारखी काडी आणि तिच्याबरोबर सीलरचा लगदा भरतात. हा लगदा जोरात भरला गेला तर मुळाच्या टोकातून पलीकडे जातो. थोडासा गेला तर काही दिवस चावताना दुखतं आणि थांबतं. पण खालच्या दाढांच्या मुळांशेजारून जबड्यातली मोठी नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. लगदा तिच्या नळीत शिरला तर दाबामुळे आणि रसायनामुळे नस भाजते.

कसं ओळखायचं? खालच्या दाढेच्या भुलीचा बधिरपणा साधारण तीन ते पाच तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अर्धा ओठ आपला वाटत नसेल, मुंग्या येत असतील किंवा आग होत असेल, तर त्याच सकाळी डॉक्टरांना फोन करा. "भूल जरा जास्त झाली असेल, आठवडाभर बघू" हे उत्तर पुरेसं नाही. एक्स-रे काढून लगदा नसेवर गेलेला दिसला तर तो पहिल्या ४८ तासांत काढण्याचा फायदा सगळ्यात जास्त असतो. उशीर होईल तसा बधिरपणा कायमचा राहण्याचा धोका वाढतो.

वरच्या दाढांना ही नस नाही, पण त्यांच्या डोक्यावर सायनस आहे, गालाच्या हाडातली पोकळी. भराव तिथे गेला तर बराच काळ काहीच जाणवत नाही. झिंक असलेल्या सीलरवर सायनसमध्ये अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा वाढल्याची उदाहरणं दंतवैद्यकात परिचित आहेत. महिनोन्‌महिने नाक एकाच बाजूने गळतंय, त्याला घाण वास आहे आणि सर्दीच्या औषधांनी फरक पडत नाही, अशा वेळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना "त्या बाजूच्या वरच्या दाढेचं काम झालंय" हे आपणहून सांगा. नाक आणि दात यांचे डॉक्टर वेगळे असल्यामुळे हा धागा बऱ्याचदा सुटतो.

दाढ काढताना मुळाचं टोक सायनसमध्ये सरकणं हा त्यातलाच दुसरा प्रकार. वरच्या मोठ्या दाढेचं टाळूकडचं मूळ यात नेहमी सापडतं. असं झालं की पाणी प्यायल्यावर नाकातून थेंब येतो किंवा गुळणी भरताना नाकात हवा जाते. अशा माणसाने नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, आणि मुखशल्यचिकित्सकाकडे जायचं. साध्या भाषेत, जबड्याच्या ऑपरेशनचे डॉक्टर.

मुळाचं टोक मुद्दाम आत ठेवतात, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. पण ते चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल, त्याला पू लागलेला नसेल, आणि काढायला गेलो तर नस किंवा सायनस दुखावण्याची भीती असेल, तर ते तसंच ठेवणं हा पाठ्यपुस्तकातला मान्य निर्णय आहे. अट अशी की पेशंटला ते त्याच दिवशी सांगायचं, कागदावर लिहायचं, एक्स-रे काढायचा आणि काही महिन्यांनी परत बघायचं. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या एक्स-रेत पेशंटला ते अचानक दिसलं, तर निर्णय बरोबर असूनही विश्वास गेलेला असतो, आणि तो जायलाच हवा.

सुई

भुलीची सुई मोडून आत राहणं आता फार दुर्मीळ आहे, कारण सुया एकदाच वापरायच्या स्टीलच्या असतात. पण जेव्हा मोडते तेव्हा बहुतेक वेळा एकाच इंजेक्शनमध्ये आणि एकाच जागी मोडते. खालचा अर्धा जबडा बधिर करायला गालाच्या आत, अगदी मागे जे खोल इंजेक्शन देतात ते. आणि सुई मोडते ती प्लास्टिकच्या बुडाशी.

कारण साधं यांत्रिक आहे. सुईचा गेज जितका मोठा तितकी ती बारीक. ३० गेजची सुई साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची, २७ गेजची ०.४. बारीक सुई कमी दुखेल या समजुतीने ३० गेजची आखूड सुई घेतली जाते. तिची लांबी साधारण २० मिलिमीटर, आणि मोठ्या माणसात जायचं असतं २० ते २५ मिलिमीटर खोल. म्हणजे सुई बुडापर्यंत आत. त्यात कुणी आधी सुई वाकवून घेतली असेल आणि त्याच क्षणी पेशंटने मान झटकली, तर ती बुडाशी तुटते. बाहेर काहीच उरत नाही, पकडणार काय? लांब सुई वापरली आणि काही मिलिमीटर बाहेर ठेवली तर तुटली तरी चिमट्यात येते. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत अजून साधी दोन मिलीची सिरिंज आणि तिची लांब, जरा जाड सुई वापरतात. पेशंटला ती बघून घाम फुटतो, पण मोडण्याच्या बाबतीत ती जास्त भरवशाची.

मोडलीच तर पहिलं मिनिट महत्त्वाचं. तोंड उघडंच ठेवायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. टोक दिसत असेल तर ओढून घेता येतं. दिसत नसेल तर तिथल्या तिथे चिरून शोधत बसणं चूक. त्या जागी चावण्याचे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या दाटीवाटीने असतात, आणि सुई हलून आणखी आत सरकू शकते. सीटी किंवा सीबीसीटी (दात-जबड्याचा सर्व बाजूंनी दाखवणारा स्कॅन) काढून, जागा नक्की करून, मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन ती काढतात. लहान मुलांच्या आई-बाबांना मी म्हणूनच सांगतो, "डॉक्टर, लवकर लवकर टोचा" अशी घाई करू नका, आणि मुलाला इंजेक्शनबद्दल खोटंही सांगू नका. फसवलं गेलंय हे कळल्यावर ते मूल जे झटकतं, ते कुणालाच धरून ठेवता येत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या वस्तू

कॅप बसवताना सिमेंट बाजूने बाहेर येतं. दिसणारं पुसलं जातं, हिरडीखाली गेलेलं राहतं. मग कॅपभोवतीची हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं, वास येतो. साध्या दातापेक्षा इम्प्लांटभोवती हे जास्त त्रासदायक ठरतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूज असलेल्या इम्प्लांटांपैकी ८१ टक्क्यांभोवती जास्तीचं सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर जवळपास तीन-चतुर्थांश ठिकाणी सूज गेली. नवी कॅप बसल्यावर महिन्याभराने हिरडी सुजलेलीच असेल तर "सेट होतेय" म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

कॅपचं माप घ्यायच्या आधी हिरडी बाजूला सरकवायला बारीक दोरा घालतात. तो काढायचा राहतो. मापाच्या रबराची कपची हिरडीखाली अडकते. दाढेच्या खड्ड्यात ठणका थांबवायला औषधी पट्टी भरतात. ती विरघळणारी नसेल तर काढायला यावं लागतं, पण ठणका थांबला की पेशंट विसरतो. टाक्यांचंही तसंच. काळा रेशमी धागा विरघळत नाही, तो सात दिवसांच्या आसपास काढायचा असतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची काढणी जोरात असते तेव्हा निफाड-दिंडोरीचे काका "माल गेला की येतो" म्हणतात आणि महिन्याने हिरडीवर पुटकुळी घेऊन येतात. धाग्यावर अन्नाचा आणि जंतूंचा थर चढतो, शेवटी तो मांसात रुततो. अशा लोकांना मी आता विरघळणारे टाकेच घालतो. द्राक्ष थांबत नाही, त्यांना तरी कशाला बोल लावायचा?

रबर बँडबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. पुढच्या दोन दातांमधली फट बंद करायला व्हिडिओ बघून साधं रबर बँड अडकवणारी कॉलेजची मुलं असतात. दात मुळाकडे निमुळता असतो, त्यामुळे रबर वर सरकत हिरडीखाली जातं आणि दिसेनासं होतं. पोराला वाटतं झोपेत पडलं. ते मुळाभोवतीचं हाड खात वर चढत राहतं. रबर एक्स-रेत दिसत नाही. दिसतं ते फक्त झिजलेलं हाड, आणि निरोगी दात काही आठवड्यांत हलायला लागतात. फट बंद करायचीच असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, जा.

एक परकी गोष्ट दिसतही नाही, ती म्हणजे हवा. दाढ कापायचं ड्रिल हवेच्या दाबावर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. अक्कलदाढ काढताना हिरडी उघडलेली असेल तर ती हवा कातडीखाली घुसते आणि काही क्षणांत गाल, कधी डोळ्याखालचा भाग फुगतो. दाबलं की बोटाखाली कुरकुर लागते. ती कुरकुर नसेल तर अ‍ॅलर्जीचा विचार आधी करायचा, दोन्हींचे उपचार वेगळे. बहुतेकांची हवा आठवड्याभरात जिरते. छातीत दुखलं किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र थेट रुग्णालय.

आणि अपघाताचं एक. महामार्गावर गाडीवरून पडून ओठ फाटला, पुढचा दात तुटला, कॅज्युअल्टीत ओठाला टाके पडले. दाताचा तुकडा कुठे गेला? रस्त्यावर पडला असं सगळे धरतात. पुष्कळदा तो ओठातच असतो. दात तुटलाय आणि ओठ फाटलाय, दोन्ही एकत्र असेल तर टाके घालायच्या आधी ओठाचा एक एक्स-रे मागा.

एक्स-रे काय दाखवतो, काय नाही

धातू, गट्टापर्चा, बहुतेक सीलर, दाताचा तुकडा दिसतात. लाकडी टूथपिक, ब्रशचा केस, रबर, कापूस, मक्याच्या कणसाचं साल दिसत नाही. त्यामुळे "एक्स-रे क्लिअर आहे" याचा अर्थ "आत काही नाही" असा होत नाही. हिरडीवर एकाच जागी पुवाची पुटकुळी परत परत येत असेल तर तिच्या तोंडातून गट्टापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढतात. ती काडी उगमापर्यंत बोट दाखवते. मऊ भागातल्या लाकडासाठी सोनोग्राफी चांगली.

साधा एक्स-रे सपाट असतो. कण हिरडीच्या बाहेरच्या बाजूला आहे की जिभेकडे, हे एका फोटोत कळत नाही. कोन बदलून दुसरा काढला की कळतं. नस, सायनस किंवा सुई यांचा प्रश्न असेल तर सीबीसीटी हवाच, नाहीतर प्रत्येकाला तो करायला लावणं हा नुसता खर्च. चांदी आणि कॅपा यांच्यामुळे एमआरआय अडत नाही. पण मोडलेली सुई किंवा स्टीलचा तुकडा आत असल्याची शंका असेल तर मशीनमध्ये जायच्या आधी सांगायचं.

तुकडा तोंडातून घशात गेला तर गोष्ट वेगळी. पोटात गेलेली कॅप बहुधा आपोआप निघून जाते. पण काम चालू असताना ठसका लागला आणि खोकला थांबला नाही, तर छातीचा एक्स-रे त्याच दिवशी. श्वासनळीत गेलेली वस्तू बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जाते, आणि खोकला दोन दिवसांनी कमी झाला म्हणून ती बाहेर आली असं होत नाही.

कुणाकडे जायचं, काय न्यायचं

पहिला फोन ज्याने काम केलं त्यालाच. राग आला असला तरी. आत काय वापरलं, कुठली फाइल, कुठलं सिमेंट, कुठला धागा, हे त्यालाच माहीत असतं. पण ताप असेल, गिळताना दुखत असेल, जबड्याखाली सूज उतरत असेल, तोंड दोन बोटंही उघडत नसेल किंवा आवाज बसल्यासारखा झाला असेल, तर दवाखाना उघडायची वाट न बघता जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. घाई नसेल आणि दुसरं मत हवं असेल तर पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात हिरडी, रूट कॅनाल आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया यांचे विभाग एकाच छताखाली असतात. एक्स-रे एकाने बघून दुसऱ्याला दाखवायला तिथे शहरभर फिरावं लागत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर कायदा वाट देतो. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. पण मुदत दोन वर्षांची असते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटात गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीदार कापड, राहिल्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शस्त्रक्रिया १९९३ ची, गॉज सापडला २००२ मध्ये. वस्तू सापडल्यापासून मुदत धरावी असा त्या बाईंचा मुद्दा होता. पण इतकी वर्षं दुखत असून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे त्या परत गेल्या नाहीत, याकडे बोट दाखवत २०१० मध्ये न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. दुखणं गोळ्या खाऊन अंगावर काढण्याची सवय आपल्याला असते, ती अशी कागदावरही नडते.

म्हणून त्रास सुरू होताच डॉक्टरांना भेटा आणि भेटल्याची नोंद कागदावर घ्या. कामाच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्या, तुकडा काढला असेल तर तोही डबीत मागा. सीबीसीटी झाला असेल तर मूळ फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट बघून दुसऱ्या डॉक्टरला नसेपासूनचं अंतर मोजता येत नाही, आणि मग तोच स्कॅन तुम्हाला पैसे भरून पुन्हा करावा लागतो.